घरावरचं ३ किलोवॅट सोलार, एक वर्षानंतर (स्वदेशीचा हिशोब धरून)

डिसेंबर २०२४ ला सांगलीत आमच्या घरावर पीएम सूर्यघर योजनेतनं ३ किलोवॅटचं सोलार बसवलं. आता उन्हाळा पावसाळा सगळं बघून झालं म्हणून लिहितोय, कारण बसवल्या बसवल्या पाच स्टार देणारे लय दिसतात, पावसाळ्यानंतर कोण बोलत नाही.

आधी पैशाचं. दोन कोटेशन आणली होती. एक डीसीआर, म्हणजे सेल (पॅनलच्या आतले उन्हाची वीज करणारे तुकडे) पण भारतातला आणि पॅनल पण, १ लाख ९५ हजार. दुसरं नॉन-डीसीआर, पॅनल इथंच जोडलेलं पण आतला सेल चीनचा, १ लाख ५५ हजार. सबसिडी फक्त डीसीआरला, पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८, एकूण ७८ हजार, त्याच्यापुढं कितीही किलोवॅट लावा तेवढीच. मग डीसीआरच घेतलं, हातचे गेले १ लाख १७ हजार. आता गंमत बघा, ७८ हजारातले ४० हजार तर पॅनलच्या वाढीव किमतीतच गेले, म्हणजे निम्म्याच्या वर सबसिडी माझ्या खात्यातनं नुसती पास होऊन पॅनलवाल्या कारखान्याकडं गेली. व्हेंडरला हे म्हणलं तर तो म्हणाला, साहेब ३८ हजार तर तुमचे वाचले ना. बरोबर आहे त्याचं.

पॅनलबद्दल काही तक्रार नाही. ५४० वॅटचे सहा आहेत, वर्षाला ४३०० च्या वर युनिट निघाले. लोकांना वाटतं मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज होते, तसं नाही, पॅनल तापलं की उत्पादन घटतं, आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चला एकदम भारी, रोज १४-१५ युनिट, आणि जुलैत झड लागली की ४ वर पण येतं. आणि एक गोष्ट कोण आधी सांगत नाही, लाईट गेली की हे पण बंद, भर दुपारी ऊन असलं तरी. ऑनग्रिडचं, म्हणजे बॅटरी नसलेल्या आणि बाहेरच्या लाईनला जोडलेल्या सोलारचं तसंच असतं, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. आमच्या आईला अजून हे पटलेलं नाही, वर एवढं ऊन पडलंय आणि खाली फॅन बंद, काय कामाचं म्हणते.

बिल आधी अडीच-तीन हजार यायचं, आता स्थिर आकार धरून दीडशे-दोनशे. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात पण ३१ मार्चला वर्षाचा हिशोब मिटवतात, उरलेल्याचे पैसे मिळतात ते कमी दराने, त्यामुळे वीज विकून कमवू म्हणून ५ किलोवॅट लावायला जाऊ नका.

व्हेंडरला पाचपैकी दोन. बिल वडिलांच्या नावावर होतं, ते आधी बदलून घ्यावं लागतं हे त्याने पॅनल चढवल्यावर सांगितलं, दोन महिने नेट मीटरशिवाय (दिलेली आणि घेतलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर) नुसतं शोभेला. नाव लिहीत नाही.

इन्व्हर्टरच्या (बॅटरीवाला नाही, पॅनलची वीज घरात वापरायजोगी करणारा डबा) बाजूचा स्टिकर वाचला तर मेड इन चायना. डीसीआरची अट सेल आणि पॅनललाच आहे, इन्व्हर्टरला नाही. आणि सेल इथं बनत असला तरी तो ज्याच्यापासून बनतो ती वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, बहुतेक चीनमधनंच येते. म्हणजे छपरावर स्वदेशी आणि भिंतीवर चीन.

तरीपण मी या स्वदेशी पॅनलच्या धोरणाच्या बाजूनेच आहे. मी काही पृथ्वी वाचवायला सोलार लावलेलं नाही, बिल वाचवायला लावलंय, आणि सरकार पण ते तसंच विकतंय हे मला आवडतं, मोफत वीज, आत्मनिर्भर, रोजगार. कार्बनवर कर वगैरे बोललं असतं तर आमच्या गल्लीत एकाने फॉर्म भरला नसता. एप्रिल २०२२ ला बाहेरच्या पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के ड्युटी लावली, वर पीएलआयचे (इथं माल बनवणाऱ्या कारखान्यांना सरकारी प्रोत्साहन) दोन टप्पे मिळून २४ हजार कोटी, त्याशिवाय चीनसमोर कोण कारखाना काढणार होतं. आणि ही स्वदेशीची अट काय याच सरकारने शोधलेली नाही हां, मनमोहन सिंगांच्या वेळच्या सोलार मिशनमध्ये पण होती, अमेरिकेने डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटना) नेलं आणि २०१६ ला आपण हरलो. फक्त एक, सोलारमुळं तेलाची आयात कमी होते असं जे फॉरवर्ड फिरतं ते अर्धवट आहे, आपली वीज तेलावर जवळजवळ होतच नाही, जास्त करून कोळशावर होते.

खरा वांधा आमच्या दाजींचा आहे. त्यांचा कुपवाड एमआयडीसीत मशिन शॉप, तिथं वीज म्हणजे पगारानंतरचा मोठा खर्च. घरगुती आणि शेतीची वीज स्वस्त ठेवायची म्हणून इंडस्ट्रीला महाग, हे जुनंच आहे. शेडवर सोलार लावायचं तर सबसिडी शून्य, आयकरात घसारा तेवढा ४० टक्के दाखवता येतो. आजपर्यंत नॉन-डीसीआर लावून तरी परवडायचं, पण जून २०२६ पासून सेलला पण सरकारच्या मंजूर कंपन्यांची यादी लागू करायचं ठरलंय, मग त्यांना पण महागडंच घ्यावं लागणार आणि त्यांना सबसिडीचं ठिगळ नाही. म्हणजे पॅनल बनवणारा कारखाना चीनला टक्कर देणार आणि त्यासाठी बोल्ट-शाफ्ट बनवणारा मार खाणार, हे कसलं देशाचं कॉम्पिटिशन? ड्युटी ठेवा, पण दरवर्षी थोडी कमी होणार असं आधीच लिहून ठेवा, नाहीतर पॅनलवाले निवांत बसतील. आमच्या लहानपणी स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचे, तसलं नको.

माझं काम झाल्यावर सप्टेंबर २०२५ ला सोलारचा जीएसटी १२ चा ५ झाला, ते दुःख वेगळंच.

सिस्टीमला पाचपैकी साडेचार, अर्धा आईने कापलाय. दाजींचं ४० किलोवॅटचं कोटेशन आलंय, जूनच्या आत मीटर लागेल असं लिहून देणारा व्हेंडर शोधतोय, सांगली-मिरजेतला कोण माहीत असेल तर सांगा.