लोकेशनच्या परवानग्या काढून घेतल्यावर : काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

मुख्य गोष्ट आधी सांगते. फोनमधल्या जवळजवळ सगळ्या अ‍ॅप्सची लोकेशनची परवानगी काढली, ज्यांची ठेवली त्यातल्या बहुतेकांना फक्त 'अंदाजे' ठिकाण दिलं, आणि गेले काही महिने फोन तसाच वापरते आहे. रोजच्या कामात फारच थोडं अडलं. आपलं नेमकं ठिकाण मागणाऱ्या बहुतेक अ‍ॅप्सना स्वतःचं काम करायला ते लागतच नाही, हे इतक्या वापरानंतर मी खात्रीनं सांगू शकते.

फोन अँड्रॉइडचा आहे. सेटिंग्जमध्ये लोकेशनच्या परवानग्यांचं पान उघडलं की अ‍ॅप्स गटागटानं दिसतात: कायम परवानगी असलेली, फक्त वापरताना असलेली, दरवेळी विचारणारी आणि नाकारलेली. 'कायम'चा गट पूर्ण रिकामा केला. जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी, गुगलच्या सेटिंग्जमधून काढून टाकला. तो काढला की मागणाऱ्या अ‍ॅपला नुसती शून्यं मिळतात. शिवाय डकडकगो या गोपनीयता जपणाऱ्या ब्राउझरच्या अ‍ॅपमधलं ट्रॅकर, म्हणजे अ‍ॅप्समध्ये बसून आपली माहिती गोळा करणारे दुसऱ्या कंपन्यांचे कोड, अडवण्याचं साधन चालू केलं.

हवामानाचं अ‍ॅप यातलं सर्वांत बोलकं उदाहरण. पावसाचा अंदाज कुणाच्या इमारतीपुरता नसतो, सगळ्या परिसराचा असतो. 'अंदाजे' ठेवलं तर अ‍ॅपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा टापू कळतो. 'अचूक' ठेवलं तर कधीकधी अगदी काही मीटरपर्यंतची जागा. मी 'अंदाजे' केल्यापासून हवामानाच्या माहितीत काडीचाही फरक पडलेला नाही. मग अचूक ठिकाण हवं कशाला? याचं उत्तर जुन्या प्रकरणांत मिळतं. २०१७ मध्ये एका सुरक्षा संशोधकानं दाखवून दिलं की अ‍ॅक्युवेदरचं आयफोनवरचं अ‍ॅप लोकेशन नाकारलेलं असतानाही जवळच्या वाय-फाय राउटरची ओळख एका तिसऱ्या कंपनीकडे पाठवत होतं, आणि राउटरवरून ठिकाण काढता येतं. २०१९ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या शहर वकिलांनी द वेदर चॅनलच्या अ‍ॅपवर दावा लावला. हवामानासाठी म्हणून घेतलेलं लोकेशन दुसऱ्याच व्यापारी कामांसाठी वापरलं, आणि लोकांना ते नीट सांगितलं नाही, असा आरोप होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

टॉर्चच्या अ‍ॅपचं प्रकरण तर त्याहून जुनं. 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं अ‍ॅप कोट्यवधी लोकांनी घेतलं होतं. दिवा लावणं एवढंच त्याचं काम, पण ते लोकेशन आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. अटी मान्य की अमान्य हे वापरणाऱ्यानं ठरवण्याआधीच माहिती रवाना झालेली असायची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१३ मध्ये त्यावर कारवाई केली. मला यात सर्वांत जास्त चीड येते ती याचीच: 'नको' म्हणण्याचं बटण समोर ठेवायचं आणि त्याला काही अर्थच ठेवायचा नाही.

ही माहिती बाहेर कशी जाते हे समजून घेतल्यावर माझ्या सेटिंग्ज बऱ्याच बदलल्या. बऱ्याचदा अ‍ॅप बनवणारा स्वतः काही विकत बसत नाही. तो दुसऱ्या कंपनीचा तयार कोड, म्हणजे एसडीके, आपल्या अ‍ॅपमध्ये बसवतो आणि त्याचे पैसे घेतो. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी मिळाली की आतल्या त्या कोडलाही ती आपोआप मिळते. आपण परवानगी एकाला देतो आणि ती वापरतात अनेक. एक्स-मोड या कंपनीचा धंदा असाच चालायचा. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं मुस्लिम प्रो हे अ‍ॅप त्यांना लोकेशन पुरवत होतं, आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी सैन्याचे कंत्राटदार होते, हे २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं. नमाजासाठी दिशा विचारणाऱ्या माणसाला हे कोणत्या पानावर कळायला हवं होतं? २०२४ च्या जानेवारीत ट्रेड कमिशननं त्या कंपनीला संवेदनशील ठिकाणांचा डेटा विकायला बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकेशनचा डेटा विकणाऱ्या ग्रेव्ही अ‍ॅनालिटिक्स या कंपनीवर कारवाई झाली. रोज सुमारे १ अब्ज फोनांमधून १७ अब्जांहून जास्त नोंदी गोळा होतात, असा त्या कंपनीचा स्वतःचाच दावा होता.

'पण त्यात नाव नसतं ना?' असं घरातल्यांनीही मला विचारलं. नाव नसतं हे खरं. ओळख क्रमांक, अक्षांश, रेखांश आणि वेळ एवढंच असतं. पण रात्री फोन जिथे असतो ते घर, दिवसा असतो ते कामाचं ठिकाण, आणि या दोन जागांची जोडी फारच थोड्या लोकांची सारखी असते. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुठे आणि कधी अशा फक्त चार नोंदींवरून ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येतात, असं त्यात दिसलं. २०२४ मध्ये जर्मनीतल्या पत्रकारांना एका डेटा-दलालाकडून, म्हणजे लोकांचा डेटा विकणाऱ्या कंपनीकडून, निव्वळ नमुना म्हणून सुमारे ३.६ अब्ज लोकेशन नोंदी फुकट मिळाल्या. त्यातून त्यांना खऱ्या माणसांची घरं सापडली. दवाखाना, प्रार्थनास्थळ, वकिलाचं ऑफिस, कुणाच्या घरी काढलेली रात्र, हे सगळं त्या चार रकान्यांत येतं.

आता रोजच्या वापराचं. नकाशाला अचूक ठिकाण लागतंच. तिथे 'फक्त वापरताना' ठेवलं आहे आणि काही अडत नाही. टॅक्सी बोलावताना बसायची जागा हातानं लिहिते. घरपोच वस्तू मागवताना नकाशावरची टाचणी एकदा नीट लावून पत्ता जतन केला की पुन्हा लोकेशन द्यावं लागत नाही. फोटो सुधारणारी, क्यूआर वाचणारी अ‍ॅप्स आणि खेळ यांना सरळ नकार दिला आहे; एकही बंद पडलं नाही. कॅमेऱ्यातलं लोकेशनही बंद केलं, कारण फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण लिहिलं जातं. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: जुने फोटो ठिकाणावरून शोधायची सोय गेली आणि तिची मला खरोखर उणीव भासते.

सर्वांत अवघड गेलं ते घरच्यांचं. घरातली माणसं कुठे आहेत हे एकमेकांना दाखवणारं अ‍ॅप आमच्याकडे सगळ्यांच्या फोनवर होतं, आणि अशा अ‍ॅपला 'कायम' परवानगी दिल्याशिवाय ते कामाचंच नसतं. या प्रकारातलं लाइफ३६० हे मोठं अ‍ॅप अचूक लोकेशन डेटा-दलालांना विकत होतं, असं २०२१ च्या डिसेंबरमध्ये द मार्कअप या वृत्त संकेतस्थळानं छापलं. त्यानंतर कंपनीनं ती विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. आमचं अ‍ॅप वेगळं होतं, पण मी ते काढायचा आग्रह धरला. आई नाराज झाली. 'तू उशिरा येतेस तेव्हा मला त्याचाच आधार असतो,' हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आता रात्रीच्या प्रवासात मी निरोपांच्या अ‍ॅपमधून तासाभरापुरतं लाइव्ह लोकेशन तिला पाठवते. वेळ संपली की ते आपोआप थांबतं. तिला हे पुरतं, पण ते पाठवायची आठवण मलाच ठेवावी लागते.

ट्रॅकर अडवणाऱ्या साधनाबद्दल थोडं सविस्तर. ते फोनवरच व्हीपीएनसारखं, म्हणजे फोनची इंटरनेटवरची ये-जा स्वतःमधून नेणाऱ्या सोयीसारखं, बसतं आणि अ‍ॅप्समधून ओळखीच्या ट्रॅकर कंपन्यांकडे जाणाऱ्या विनंत्या अडवतं. कोणत्या अ‍ॅपमधून कुणाकडे विनंती गेली याची यादी दिसते. ती यादी वाचताना एक भान ठेवा: एखाद्या ट्रॅकरपुढे 'लोकेशन' लिहिलं असेल तर तो ट्रॅकर तशी माहिती घेणारा म्हणून ओळखला जातो, एवढाच त्याचा अर्थ, त्या क्षणी तुमचं ठिकाण गेलंच असं नाही. दुसरा व्हीपीएन एकाच वेळी चालवता येत नाही, त्यामुळे ऑफिसचा व्हीपीएन लागतो त्यांना हे जड जाईल. आणि अ‍ॅप स्वतःच्याच सर्व्हरवर जे पाठवतं ते हे साधन अडवत नाही. तिथून पुढे ती माहिती विकली गेली तर आपल्या फोनला त्याचा पत्ताही लागत नाही.

या सगळ्या उपायांची हद्द इथेच आहे. मोबाइल कंपनीला टॉवरवरून ठिकाण कळतच असतं. अमेरिकेतल्या चार मोठ्या मोबाइल कंपन्यांना ग्राहकांचं लोकेशन परस्पर पुरवल्याबद्दल २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं मिळून सुमारे २० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. असल्या विक्रीपुढे फोनमधली कोणतीही सेटिंग काही करू शकत नाही. तिथे कायदाच लागतो, आणि तो राबवणारं कुणीतरी लागतं.

आयफोनवाल्यांसाठी: प्रत्येक अ‍ॅपच्या लोकेशनच्या पानावर अचूक ठिकाणाचं वेगळं बटण २०२० पासून आहे. ते बंद करा, बाकी अनुभव असाच येईल. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचं असेल तर गोपनीयतेच्या डॅशबोर्डवर गेल्या चोवीस तासांत कोणत्या अ‍ॅपनं लोकेशन कधी घेतलं ते दिसतं. सुरुवात तिथूनच करा, कारण नावं पाहिली की कुणाची परवानगी काढायची ते लगेच कळतं. नवं अ‍ॅप टाकल्यावर आणि मोठा अपडेट आल्यावर मी ते पान पुन्हा बघते. एक अ‍ॅप अजूनही अचूक लोकेशनशिवाय पहिल्या पानापुढे जाऊ देत नाही. त्याचं काम मी ब्राउझरमधून त्यांच्या वेबसाइटवर करते, आणि तिथे लोकेशन न देताही तेच काम सुरळीत होतं.