ऑनलाइन एमएससी, जागतिक आरोग्य आणि संसर्गजन्य रोग: दुसऱ्या वर्षातून लिहिलेला अनुभव

हा अभ्यासक्रम घ्यावा का, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर आता पक्कं झालं आहे. नोकरी सांभाळून तो होतो, पण फावल्या वेळात होत नाही. या दोन गोष्टींतला फरक माहितीपत्रक वाचून कळत नाही, म्हणून तासांचा हिशेब आधी सांगते.

ब्रिटिश पद्धतीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एकूण १८० क्रेडिट असतात. ६० झाली की सर्टिफिकेट, १२० झाली की डिप्लोमा, आणि एमएससीसाठी पुढे प्रबंध. एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास. म्हणजे २० क्रेडिटचं मॉड्यूल दहा आठवड्यांत बसवायचं तर आठवड्याला २० तास लागतात. व्हिडिओ पाहण्यात त्यातला थोडाच वेळ जातो. खरा वेळ जातो तो शोधनिबंध वाचण्यात, डेटा साफ करण्यात आणि दीड हजार शब्दांच्या असाइनमेंटमधले दोनशे शब्द कापण्यात. मी एका वेळी एकच मॉड्यूल घेते आणि इतरांनाही तेच सुचवते.

मी प्रयोगशाळेतली आहे. नमुना येतो, तपासणी होते, अहवाल जातो. पॉझिटिव्ह किती निघाले हे आम्हाला तोंडपाठ असतं. पण कितीपैकी, हा प्रश्न आमच्या टेबलावर फारसा येत नाही. या अभ्यासक्रमाने मला काय दिलं असं एका वाक्यात विचाराल, तर छेदाकडे, म्हणजे त्या ‘कितीपैकी’कडे, बघायला शिकवलं.

पहिल्या सत्रात साथींचा माग काढणारे ब्रिटिश डॉक्टर जॉन स्नो येणार हे अपेक्षितच होतं. १८५४ ची लंडनमधली पटकीची साथ आणि स्नो यांनी तिचा संबंध ज्याच्या पाण्याशी जोडला तो ब्रॉड स्ट्रीटचा पंप सगळ्यांनाच माहीत असतो. आमच्या ट्यूटरनी मात्र पंप दोन मिनिटांत आवरला आणि आठवडाभर दक्षिण लंडनवर थांबवलं. तिथे दोन पाणीकंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत गेलेले होते. एक कंपनी थेम्सचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला, सांडपाणी मिसळण्याआधी उचलू लागली होती. दुसरी अजून शहरातलंच पाणी देत होती. स्नो यांनी घरोघर जाऊन विचारलं. भाडेकरूंना कंपनीचं नाव माहीत नसलं की ते पाण्याचा नमुना घेत आणि सिल्व्हर नायट्रेटने त्यातलं क्लोराइड तपासत. दोन्ही पाण्यांत इतका फरक होता की घराला पाणी कुणाचं हे त्यावरून ठरायचं. शेवटी निघालेले आकडे असे: शहरातलं पाणी पिणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू आणि वरच्या अंगाचं पाणी पिणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३७. आम्हाला मूळ तक्ता देऊन हे दर स्वतः काढायला लावले, आणि मग विचारलं: घरांची संख्या कुठून आली? एका घरात माणसं किती हे दोन्हीकडे सारखं होतं का? त्या एका प्रश्नावर आमच्या गटात जी चर्चा झाली, ती संपूर्ण सत्रातली सगळ्यात चांगली चर्चा होती.

चाचण्यांवरच्या मॉड्यूलमध्ये तर माझा रोजचाच व्यवहार समोर आला. एका चाचणीची संवेदनशीलता (आजारी माणसाला आजारी ठरवण्याचं प्रमाण) ९५ टक्के, विशिष्टताही (निरोग्याला निरोगी ठरवण्याचं प्रमाण) ९५ टक्के. कागदावर उत्तम. आता १०,००० लोकांची सरसकट तपासणी करा, ज्यांत आजार फक्त १ टक्का लोकांना आहे. आजारी १०० जणांपैकी ९५ जण सापडतात. पण निरोगी ९,९०० जणांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ जणही पॉझिटिव्ह येतात. एकूण ५९० पॉझिटिव्ह अहवाल, त्यांत खरे आजारी ९५. सहा अहवालांत जेमतेम एक खरा. तीच चाचणी लक्षणं असलेल्या, निवडक रुग्णांवर वापरली की चित्र पालटतं. पाठ्यपुस्तकात मी हे आधीही वाचलं होतं. पण इथे लोकांमधलं आजाराचं प्रमाण बदलत तक्ता पुन्हा पुन्हा मांडायला लावतात, त्यामुळे ते हातात बसतं. हल्ली अहवाल पाहताना हा रुग्ण कोणत्या गटातून आला हे मी आधी बघते.

सगळ्यात हलवून टाकणारा भाग म्हणजे पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरियात २०१४ ते २०१६ या काळात २८,६०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ११,३०० हून अधिक माणसं गेली. विषाणूशास्त्र एका आठवड्यात संपलं. उरलेला वेळ अंत्यसंस्कारांवर होता. मृतदेहाला आंघोळ घालणं, स्पर्श करणं ही आपल्या माणसाला निरोप देण्याची रीत, आणि संसर्गाचा मोठा मार्गही तोच. सुरुवातीला संरक्षक पोशाखातली पथकं येऊन मृतदेह उचलून नेत. घरचे घाबरले, माणसं लपवू लागले, आणि नोंदीतले आकडे खऱ्या आकड्यांपासून दूर जात राहिले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू यांना सोबत घेऊन, प्रार्थनेला आणि कुटुंबाला जागा देणारी सुरक्षित व सन्मानाने दफन करण्याची पद्धत आखली गेली. माझ्या गटातल्या एका सहाध्यायीने त्या साथीत रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचं काम केलं होतं. तिने लिहिलेला एक परिच्छेद, यादीतल्या घरी गेल्यावर दार न उघडणं म्हणजे काय याबद्दलचा, मला कोणत्याही शोधनिबंधापेक्षा जास्त शिकवून गेला. असे सहाध्यायी हीच या ऑनलाइन वर्गाची खरी कमाई आहे. एकाच शहरातल्या वर्गात परिचारिका, पशुवैद्यक, सांख्यिकीतज्ज्ञ आणि जिल्हा पातळीवरचे आरोग्य अधिकारी असे एकत्र बसताना मी तरी पाहिलेले नाहीत.

त्याच मॉड्यूलमध्ये प्रारूपांचा, म्हणजे साथ पुढे किती वाढेल याच्या गणिती अंदाजांचाही धडा होता. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने अंदाज दिला होता की काहीच जादा उपाय झाले नाहीत, तर जानेवारीपर्यंत फक्त लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये, न नोंदलेले रुग्ण धरून, १४ लाखांपर्यंत रुग्ण होऊ शकतात. अंदाज चुकला असं म्हणून हसणं सोपं आहे. पण ‘काहीच उपाय झाले नाहीत तर’ या अटीसकट तो वाचायला शिकणं हा त्या असाइनमेंटचा गाभा होता.

नारू या पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या कृमीच्या आजारावरचा आठवडा छोटाच, पण मनात राहिला. ना लस, ना औषध. गाळलेलं पाणी आणि गावोगाव फिरणारी माणसं एवढ्यावर १९८६ मधल्या अंदाजे ३५ लाख रुग्णांवरून २०२३ मध्ये जगभरात १४ रुग्णांपर्यंत हा आजार आणला गेला. आता चाडमधल्या कुत्र्यांत तो सापडतो म्हणून शेवटची पायरी अडली आहे. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र का बघायचं, हे मला तिथे पटलं.

आता उणिवा. काही रेकॉर्डेड लेक्चर जुनी आहेत. कोविडच्या आधीची स्लाइड २०१९ ला येऊन थांबते आणि पुढचं आपणच शोधायचं. थेट सत्रांच्या वेळा जगभर पसरलेल्या वर्गाला जमतील अशा नसतातच. कुणाला तरी मध्यरात्र येतेच. एका मॉड्यूलमध्ये पहिल्या असाइनमेंटवरचा अभिप्राय दुसरी जमा करण्याची मुदत उलटल्यावर आला. याचा मला खरंच राग आला, कारण दूर बसून शिकणाऱ्याला अभिप्रायाशिवाय दुसरा आरसा नसतो. गटकामात दोघं राबतात आणि चौघांना गुण मिळतात, तेही आहेच. आणि प्रयोगशाळेचं कौशल्य इथे मिळणार नाही. जीनएक्सपर्ट या यंत्राने क्षयरोगाचं निदान दोनेक तासांत कसं होतं आणि त्याने धोरण कसं बदललं हे शिकाल, पण पिपेट हातात येणार नाही. या पदवीने रुग्ण तपासण्याचा परवानाही मिळत नाही. काहींचा तसा समज असतो.

आर (R) ही सांख्यिकीसाठीची संगणकभाषा शिकण्याची तयारी मात्र आधीपासून ठेवा. सांख्यिकीचं मॉड्यूल सुरू झाल्यावर सॉफ्टवेअर, साथीचे आलेख आणि विश्वासार्हता मर्यादा (कॉन्फिडन्स लिमिट्स, म्हणजे अंदाज किती मागेपुढे असू शकतो ते) हे सगळं एकदम अंगावर येतं. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअरसुद्धा पहिल्याच आठवड्यात बसवून घ्या, संदर्भांची निम्मी डोकेदुखी कमी होते.

माझं पुढचं सत्र प्रबंधाच्या तयारीचं आहे आणि विषय प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या नोंदींचा घेणार आहे. कोणाचे नमुने मुळात प्रयोगशाळेपर्यंत येतच नाहीत, हे मला शोधायचं आहे. प्रवेश घेणाऱ्यांनी प्रबंधाबद्दल आधीच तीन गोष्टी विचाराव्यात. डेटा स्वतः मिळवायचा की विद्यापीठ उपलब्ध करून देतं? मार्गदर्शक कोण ठरवतं आणि त्यांच्याकडे एका वेळी किती विद्यार्थी असतात? नीतिमत्ता समितीची परवानगी मिळायला गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना किती वेळ लागला? उत्तरं फोनवर नकोत, ईमेलवर लेखी घ्या.