वाळवणाच्या धंद्याला मोबाईल जोडताना: व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, गुगल मॅप आणि हिशेबाची वही

नंदुरबारच्या माझ्या मावसबहिणीने यंदा मिरचीच्या पथारीवरून (मिरची वाळत घालतात त्या मैदानावरून) थेट माल उचलून घरीच मसाला कांडायला घेतला आहे. परवा तिचा फोन आला, "ताई, सगळे म्हणतात ऑनलाइन ये. पण कुठे येऊ? इन्स्टाग्रामवर टाकू, व्हॉट्सॲपवर टाकू, का कुणाला पैसे देऊन वेबसाईट करून घेऊ?" फोनवर अर्धा तास बोललो तरी पुरलं नाही, म्हणून तिलाच सांगितल्यासारखं इथे नीट लिहिते आहे. तिच्यासारख्या दुसऱ्या कुणालाही ठरवायला उपयोग होईल.

मी अमळनेरला बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया आणि उडदाचे पापड करते. हाताखाली पाच बायका आहेत. कामाचे खरे दिवस होळीपासून आखाजीपर्यंतचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी परत निघाल्या की पिशवीत बिबड्यांचा डबा लागतोच, त्यामुळे आखाजीच्या आसपासच्या पंधरा दिवसांत फोन खाली ठेवता येत नाही.

माझ्याशिवाय घरातले आणखी दोन धंदे मी जवळून पाहते. नणंद धुळ्यात ब्लाउज आणि घागरे शिवते. भाच्याचा पारोळ्याजवळ ५३ नंबरच्या महामार्गावर शेवभाजीचा ढाबा आहे. तिघांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या आणि तिघांचं बरं चाललं आहे. म्हणून पहिला प्रश्न ॲपचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे. माझं गिऱ्हाईक दरवर्षी परत येतं. नणंदेचं गिऱ्हाईक आधी नक्षी बघतं आणि मग विचारतं. भाच्याचं गिऱ्हाईक तर गाडीत बसलेलं असतं, भूक लागलेली असते आणि दहा मिनिटांत पुढे निघून जाणार असतं.

परत येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी व्हॉट्सॲप

माझ्यासारख्या धंद्याला व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप पुरतं. ते २०१८ मध्ये आलं आणि वापरायला फुकट आहे. साध्या व्हॉट्सॲपसोबत त्याच फोनमध्ये चालतं, फक्त नंबर वेगळा लागतो. मी त्यासाठी वेगळं सिम घेतलं आणि तेही तू पहिल्याच दिवशी घे. घरचा नंबर धंद्याला दिला की रात्री अकराला सुद्धा "बिबडा शेतस का?" (बिबडे आहेत का?) म्हणून मेसेज येतो आणि उत्तर दिलं नाही तर माणूस नाराज होतो. बिझनेस ॲपमध्ये रात्रीसाठी आपोआप जाणारा निरोप लावून ठेवता येतो.

त्यातल्या दोन गोष्टी मला खरोखर कामाला आल्या. एक कॅटलॉग: प्रत्येक जिनसाचा फोटो, वजन आणि भाव. पूर्वी एकच भाव दिवसातून चाळीसदा लिहावा लागायचा, आता दुवा पाठवते. दुसरी लेबलं, म्हणजे प्रत्येकाच्या चॅटला लावायच्या खुणा. माझी लेबलं साधी आहेत: 'पैसे बाकी', 'पार्सल गेलं', 'आखाजीच्या आधी हवं'. गर्दीच्या दिवसांत यांच्याविना ऑर्डर हरवतात.

ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवण्याचं, गणित मात्र आधी समजून घे. एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण बसतात आणि ज्याने तुझा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. मी पहिल्या वर्षी दोनशे जणांना "कुरडया तयार आहेत" म्हणून पाठवलं आणि निम्म्यांना ते मिळालंच नव्हतं. तेव्हापासून पाकिटावर नंबराखाली छापते, 'हा नंबर सेव्ह करा'.

त्यावर सोपा उपाय म्हणून मी एक ग्रुप काढला होता आणि ती माझी चूक होती. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. कुणीतरी ते उचलले आणि माझ्या गिऱ्हाइकांना भलतेसलते फोन यायला लागले. एका वयस्कर काकूंनी मला विचारलं, "बाई, मी नंबर पापडासाठी दिला होता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्यक्तीची माहिती कशी वापरायची याचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचा पाया माणसाची संमती हाच आहे. पण कायदा नसता तरी काकूंचं म्हणणं बरोबरच होतं. ग्रुप मी बंद केला. आता नंबर घेतानाच विचारते, "मोसमात एक-दोन निरोप पाठवले तर चालेल का?"

व्हॉट्सॲपची उणीव एकच, पण मोठी आहे. ते ओळखीच्या माणसापर्यंत पोचतं, नवं गिऱ्हाईक आणत नाही.

नवं गिऱ्हाईक: इन्स्टाग्राम आणि फेसबुक

इथे नणंदेचं उदाहरण बोलकं आहे. तिच्या शिलाईचा नमुना डोळ्यांनी बघायचा असतो. लग्नसराईच्या आधी ती रोज एक छोटा व्हिडिओ टाकते आणि नवऱ्या मुली तो बघून दुकानात येतात. तिला इन्स्टाग्राम लाभलं. पण त्यामागे रोजचा तास-दीड तास आहे: फोटो काढणं, प्रत्येकाला उत्तर देणं, "किंमत सांगा" म्हणणाऱ्या शंभरातल्या चार जणांना दुकानापर्यंत आणणं. तो तास तुझ्याकडे मिरची कांडायच्या दिवसांत आहे का, याचा आधी विचार कर.

शिवाय व्हिडिओ कुठवर जाईल हे आपल्या हातात नसतं. माझा बिबडे थापतानाचा एक व्हिडिओ चांगला फिरला आणि बंगळुरूहून ऑर्डरी आल्या. कुरियरने पाठवलेल्या डब्यात पोचेपर्यंत चुरा झाला होता. पैसे परत केले. एसटीच्या पार्सलने नाशिक-पुण्यापर्यंत माझा माल नीट जातो, त्यापुढचं मी सध्या घेत नाही. मसाल्याला ही अडचण नाही, हा तुझा मोठा फायदा. मसाला फुटत नाही आणि महिनाभर टिकतो.

फेसबुक आता जुनं झालं असं पोरं म्हणतात. आमच्याकडे मात्र चाळिशीच्या पुढची माणसं, गावोगावचे ग्रुप, मुंबई-सुरतेला स्थायिक झालेले खानदेशी लोक अजून तिथेच भेटतात. गावाची चव आठवणारा हा माणूस मसाल्याचं पक्कं गिऱ्हाईक आहे. जाहिरातीला पैसे घालायचेच असतील तर जिल्हा किंवा शहर निवडून अगदी थोडे घाल आणि फोन किती आले ते वहीत मोज. लाइक मोजू नकोस.

आता जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमचं फेसबुक पेज एका ओळखीच्या मुलाने त्याच्या स्वतःच्या खात्यावरून काढून दिलं होतं. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, पुढे त्याचं खातं कुणीतरी बळकावलं आणि त्यासोबत आमचं पेज गेलं. तीन वर्षांचे फोटो आणि लोकांचे अभिप्राय गेले. मुलाचा दोष नव्हता. पेज आपल्या नावावर नव्हतं, एवढंच. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखो लोकांनी जमवलेला प्रेक्षक एका दिवसात गेला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली होती. ही सगळी भाड्याची जागा आहे. तिथे दुकान जरूर मांड, पण गिऱ्हाइकांची यादी घरात असू दे.

वाटसरूसाठी गुगल मॅप

ढाबा, पंक्चर, झेरॉक्स, दवाखाना, लॉज, अशांनी सगळ्यांच्या आधी हेच करावं. गुगलवर धंद्याची नोंद फुकट होते. बहुतेक वेळा दुकानाचा व्हिडिओ काढून गुगलची खात्री पटवावी लागते. भाच्याने नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही येईल असं पाहिलं, वेळ बरोबर टाकली आणि शेवभाजीचे चार स्वच्छ फोटो लावले. त्याचं बाकी काहीच ऑनलाइन नाही, तरी रात्री मॅप बघून गाड्या वळतात. नोंद करून देतो किंवा चालू ठेवतो म्हणून पैसे मागणारे फोन येतात, त्यांना पैसे देऊ नये.

मला वाटलं होतं माझ्या घरगुती कामाला याचा उपयोग नाही. पण मंगळवारी इथल्या मंगळग्रह मंदिरात बाहेरगावची माणसं येतात आणि परतताना फोनवर 'पापड' शोधतात. मोसमात असे काही जण माझ्या दारात येतात.

वही, पेनड्राइव्ह की क्लाउड

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझा फोन पाण्याच्या टाकीत पडला. व्हॉट्सॲपचा बॅकअप होता, पण तो पुतण्याच्या जीमेलवर, आणि पासवर्ड त्यालाही आठवेना. चालू ऑर्डरींपैकी ज्या वहीत उतरवल्या होत्या तेवढ्याच वाचल्या. बाकीच्यांनी फोन करून शिव्या दिल्या नाहीत ही त्यांची माणुसकी.

तेव्हापासून गुगलच्या तक्त्यात (गुगल शीट्स, जो फोनमध्ये नाही तर इंटरनेटवर, म्हणजे क्लाउडवर राहतो) ऑर्डरी लिहिते: नाव, गाव, जिन्नस, किलो, आगाऊ, बाकी, पाठवल्याची तारीख. फोन गेला तरी दुसऱ्या फोनवर तोच तक्ता उघडतो. चुकून कुणी ओळी पुसल्या तर जुनी आवृत्ती परत आणता येते, जे पेनड्राइव्हवर किंवा वहीत होत नाही. पेनड्राइव्हचा मी विश्वास धरत नाही, तो हरवतो आणि त्यावरची फाईल महिन्यापूर्वीची असते. रेंज नसतानाही तक्ता वापरता येतो, पण ती सोय आधी चालू करून ठेवावी लागते.

यातही काळजी आहेच. फुकट जागा १५ जीबी मिळते आणि त्यात मेल, फोटो, फाईली सगळं आलं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा भरली की मेल यायचे थांबतात. व्हिडिओ वेळच्या वेळी काढून टाक, नाहीतर जागा विकत घे. आणि तक्ता कुणाला दाखवताना 'दुवा असलेला कुणीही' असा पर्याय ठेवू नकोस. माझ्या तक्त्यात फक्त मी आणि मुलगी लिहू शकतो.

जीएसटीचा नंबर असेल तर तक्त्यावर भागत नाही. टॅली (संगणकावरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) किंवा मोबाईलवरचं बिलांचं ॲप लागतं आणि ते तुझ्या सीएला चालतं का हे आधी विचारायला हवं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून घेण्याआधी एकच गोष्ट तपास: सगळा हिशेब एक्सेल किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढता येतो का? येत नसेल तर कितीही सोपं असलं तरी घेऊ नकोस.

वही मी सोडलेली नाही. बायकांची रोजची मजुरी वहीतच लिहिते आणि त्या स्वतः सही करतात. त्यांच्या हाताची सही त्यांना दिसते, ते मोबाईलमध्ये होणार नाही.

किल्ल्या कुणाकडे

धंद्याच्या नावाचा वेगळा ईमेल काढ, त्यावरच सगळं उघड आणि पेजला दोन ॲडमिन ठेव, दोन्ही घरातले. दोन टप्प्यांची सुरक्षा (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी) चालू कर. त्यावेळी गुगल दहा राखीव कोड देतं, ते कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेव, कारण फोनच गेला तर ओटीपी येणार कुठे? व्हॉट्सॲपलाही सहा आकडी पिन लाव.

आणि एक फसवणूक आमच्या गल्लीतच झाली. "लष्करातून बोलतोय, वीस किलो हवं, आगाऊ पाठवतो, हा कोड स्कॅन करा." पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फोन ठेव आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन लाव.

बहिणीचं आम्ही मिळून असं ठरवलं: या आठवड्यात नवं सिम आणि बिझनेस ॲप, सोबत ईमेल आणि तक्ता. मग गुगलवर नोंद. फेसबुकचं पेज मेमध्ये, कांडणाची घाई सरली की. इन्स्टाग्राम दिवाळीनंतर, भाची शिकवायला तयार असेल तर. वेबसाईट सध्या नाही. काल रात्री तिने जुन्या वहीतली ८६ नावं तक्त्यात चढवली, आणि त्यातल्या अकरा जणांचे नंबर बदललेले निघाले.