खाडीच्या मातीची यूसीएस (बाजूने आधार न देता नमुना वरून दाबून ताकद मोजायची चाचणी) करून घ्यायची असेल, तर पनवेलजवळची ही लॅब

उरणच्या बाजूला आमचं यार्डाचं काम चालू आहे. खाली खाडीची काळी चिकणमाती, बोट खुपसलं की आत जाते. वरच्या थरात सिमेंट मिसळून ती घट्ट करायची. पण थर झाला की लगेच पोकलेन त्यावरून फिरायला लागतो. सेट होत आलेली माती अशी हलली तर ताकद किती उतरते, हे मला डिझाइनच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटत होतं. इतर लॅबवाले एवढंच विचारत, नमुना ७ दिवसांनी दाबायचा की २८ दिवसांनी? इथल्या काकांनी आधी विचारलं, "मॅडम, सिमेंट मिसळल्यावर किती वेळाने मोल्ड भरले?" काम इथेच द्यायचं, हे तेव्हाच ठरलं.

त्यांनी एकाच मिश्रणाचे तीन संच केले. पहिल्याला हातच लावला नाही. दुसरा त्याच दिवशी काही तासांनी मोडून, मळून परत भरला. तिसरा ७ दिवसांनी मोडला. दाबून पाहिले सगळे २८ व्या दिवशी. दुसऱ्याने बरीच ताकद भरून काढली, कारण बरंचसं सिमेंट अजून कामाला लागायचं होतं. तिसरा मात्र मागेच राहिला. सिमेंटने सांधलेले मातीचे पुंजके एकदा तुटले की ते सांधे परत जुळत नाहीत, शिल्लक सिमेंट जेवढं नव्याने धरेल तेवढंच. रस्त्याच्या कामात मिसळल्यापासून २ तासांत दाबकाम संपवा असं मानकात आहे, त्यामागचं कारण इथे डोळ्यांनी दिसलं.

चाचणी चालू असताना काकांनी मला शेजारी उभं केलं. न हलवलेला नमुना ताठ उभा राहिला आणि एकदम तिरका चिरला. ७ दिवसांनी मोडलेला मधोमध फुगत गेला, दाबाच्या आलेखात टोक असं आलंच नाही. हा फरक नुसत्या आकड्यात कळला नसता. आता पहिला आठवडा आम्ही पोकलेन थरावर चढवतच नाही, बाजूने वाट काढली आहे.

साइटवरच्या घट्ट थरातून कापून काढलेल्या कोअरचीही (दंडगोल नमुन्यांचीही) तीच काळजी. ज्या कोअरला बारीक तडा होता, त्याचा आकडा त्यांनी वेगळा दाखवला आणि शेजारी लिहिलं, 'काढताना हिसका बसलेला, सरासरीत धरू नये.' असं लिहून देणारी लॅब मला तरी दुसरी भेटलेली नाही.

तक्रारी आहेत. मोडून भरलेल्या संचांचे जादा पैसे आधी सांगितले नाहीत, थेट बिलात दिसले. दुपारनंतर फोन कोणी उचलत नाही. अहवालात तुटलेल्या नमुन्यांचे फोटो नव्हते, मागितल्यावर मिळाले.

जाणार असाल तर सकाळी जा. प्रत्येक पिशवीला मिसळल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी बांधा, त्याशिवाय ते नमुना घेत नाहीत. आणि मोल्ड टेम्पोच्या हौद्यात टाकू नका, फोम घालून पुढे केबिनमध्ये ठेवा.