आरएनएच्या शिडीसाठी फॉर्मिक आम्ल : एलसी-एमएस दर्जाच्या बाटलीचा अनुभव

आरएनएचा क्रम मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) थेट वाचायचा असेल, तर निम्मे यश यंत्राआधीच्या आम्ल-विघटनातच ठरते, म्हणून त्यासाठी मी वापरत असलेल्या एलसी-एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री) दर्जाच्या, ९८ ते १०० टक्के फॉर्मिक आम्लाविषयी सविस्तर लिहीत आहे.

नमुना आणि आम्ल समप्रमाणात मिसळून ४० अंश सेल्सिअसला ठेवले की शर्करेवरचा २' हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फेटवर चाल करतो आणि साखळी तिथे तुटते. एकेका न्यूक्लिओटाइडने (साखळीच्या एका दुव्याने) लांबत जाणारे असे तुकडे म्हणजे शिडीच्या पायऱ्या, आणि लागोपाठच्या दोन पायऱ्यांच्या वस्तुमानातला फरक तिथला न्यूक्लिओटाइड कोणता ते सांगतो. प्रत्येक रेणू फार तर एकदाच तुटावा, हे यातले मर्म आहे. दोनदा तुटला तर मधला तुकडा दोन्ही टोकांना पारखा होतो आणि शिडीत कुठेच बसत नाही. पहिल्या खेपेस एकवीस न्यूक्लिओटाइडांचा कृत्रिम आरएनए मी बराच वेळ तसाच ठेवला आणि हाती नुसता चुरा आला. आता नमुना तीन नळ्यांत विभागून २, ५ आणि १५ मिनिटांनी ड्राय आइसवर गोठवते व शेवटी एकत्र करते, त्यामुळे लांब आणि आखूड अशा दोन्ही पायऱ्या नीट मिळतात.

या आम्लाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते लायोफिलायझरमध्ये (गोठवून निर्वातात सुकवणाऱ्या यंत्रात) उडून जाते. सोडियम हायड्रॉक्साइडने विघटन केल्यावर मागे राहणारा क्षार येथे नसतो. तरीही दर्जात काटकसर करू नये. साध्या दर्जाच्या एका जुन्या बाटलीमुळे माझ्या जवळजवळ प्रत्येक शिखरापुढे २१.९८ डाल्टनवर (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) सोडियमचे दुसरे शिखर उभे राहिले होते आणि संकेत असा विभागला गेल्याने क्षीण पायऱ्या गोंगाटात बुडाल्या होत्या. नव्या बाटलीने तो त्रास संपला.

मर्यादा एकच, पण खरी आहे. २' स्थानी मिथाइल गट असेल तर तेथे साखळी तुटतच नाही आणि एक पायरी गळते. माझ्या एका नमुन्यात अशी दोन न्यूक्लिओटाइडांची मिळून ६८८.१२ डाल्टनची उडी दिसली. ती मिथाइल-ग्वानोसिननंतर अ‍ॅडेनोसिन असल्यानेही येते आणि मिथाइल-अ‍ॅडेनोसिननंतर ग्वानोसिन असल्यानेही, त्यामुळे तेवढ्यापुरते टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे (तुकडा यंत्रातच पुन्हा फोडून मोजण्याकडे) वळावे लागले.

तीव्र फॉर्मिक आम्ल साठवणीत हळूहळू विघटित होऊन कार्बन मोनॉक्साइड सोडते, म्हणून वायू बाहेर जाऊ देणाऱ्या झाकणाचीच बाटली घ्यावी आणि ती फ्यूम हूडमध्येच उघडावी.