साडेसहाशेचा ओबीडी स्कॅनर, घाटात बंद पडणारी डिझेल गाडी आणि माझा उजवा गुडघा

ब्लूटूथवाला, निळा, पेटीवर २.१ छापलेला तोच चिनी स्कॅनर; गाडीच्या सॉकेटमध्ये खोचला की इंजिनचे आकडे आणि बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवतो. कुठे खोचायचा, कुठलं ॲप घ्यायचं हे आता सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. गाडी २०१६ ची सात सीटर डिझेल, कॉमन रेल (पंप एका जाड पाइपात डिझेल दाबून भरतो, तिथून ते सगळ्या नोझलना जातं), बीएस-४. कंपनीचं नाव लिहीत नाही; नाव लिहिलं की मुद्दा राहतो बाजूला आणि कुठली गाडी भारी यावर हाणामारी सुरू होते.

पहिला भाग पावसाळ्यात लिहिला होता, तो तसाच ठेवतोय.

एक तारा. तोही वेळेवर पोचला म्हणून. गाडी चालता चालता बंद पडते म्हणून हा घेतला. रोज पडत नाही, हेच तर दुखणं. सांगलीहून रत्नागिरीला जाताना एकदम शहाण्यासारखी जाते. परत येताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलं की कुठल्यातरी वळणावर आधी पिकअप मरतो, मग दोन आचके आणि बंद. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड, आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, मग पेडल पायाला दाद देत नाही. मागे एसटी, तिच्यामागे ट्रक. फिल्टरवरचा हातपंप दाबायचा, सेल्फ मारायचा, गाडी सुरू. पुढे मलकापूर, कोल्हापूर, घर. काही झालंच नव्हतं असा आव.

सर्व्हिस सेंटरला विचाराल तर त्यांच्याकडे ती कधीच बंद पडली नाही. जॉब कार्डवर 'तक्रार आढळली नाही'. कशी आढळणार? सपाट रस्त्यावर चक्कर मारून आणली होती. तरी क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती फिरतंय ते मोजणारा, बदलला. पुढच्या वेळी डिझेल फिल्टर. त्याच्या पुढच्या वेळी 'सॉफ्टवेअर अपडेट', म्हणजे काय ते देव जाणे. आणि आता हाय प्रेशर पंपाचं एस्टिमेट, बासष्ट हजार, लेबर वेगळं. "सर, बदलून बघू." बदलून बघू! माझ्या पैशानं.

म्हटलं, साडेसहाशेत आपणच बघू. स्कॅनर लावला, ॲप उघडलं, 'कोड नाहीत'. घाटात बंद पडल्यावर जागच्या जागी पाहिलं, तरी कोड नाहीत. हे तर सर्व्हिस सेंटर फुकटात सांगत होतं. पैसे पाण्यात.

इथपर्यंत पावसाळ्यातलं. आता पुढचं.

कोड का येत नाही, हे नंतर कळलं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कोड लगेच नोंदवत नाही. बिघाड ठरावीक वेळ टिकावा लागतो, काही कोड तर दुसऱ्यांदा तसंच झाल्यावरच पक्के होतात. माझी गाडी त्या हिशेबात बसायच्या आतच मरत होती. त्यामुळे कोड वाचणं सोडून दिलं आणि रेकॉर्डिंग लावलं. या स्कॅनरचा खरा उपयोग तिथे आहे.

फक्त दोनच गोष्टी रेकॉर्ड करा: आरपीएम आणि फ्युएल रेल प्रेशर (त्या जाड पाइपातला डिझेलचा दाब). हौसेनं दहा-बारा मीटर स्क्रीनवर लावाल तर हा स्वस्तातला चिप धापा टाकतो, प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि नेमका पडायचा क्षण निसटतो. प्रेशर किलोपास्कलमध्ये दिसलं तर शंभरानं भागा, बार मिळतात. माझ्या गाडीला आयडलवर २८०च्या आसपास, चढाला हजाराच्या वर.

आता बघायचं एवढंच, की आधी कोण पडतं. गाडी गिअरमध्ये आहे आणि क्लच दाबलेला नाही, तर इंधन तुटलं तरी चाकं इंजिनला फिरवत राहतात, म्हणजे आरपीएम लगेच शून्य होऊच शकत नाही. गाडी गिअरमध्ये घरंगळतेय आणि आरपीएमची रेघ एकदम तळाला गेली, तर इंजिन नाही, सेन्सर मेलाय. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो, त्यामुळे संशय घेण्यासारखा तो आहेच. पण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आरपीएम १,८०० ला शांत होते आणि प्रेशरची रेघ आधीच घसरायला लागली होती. हजारावरून सातशे, साडेचारशे, दोनशेच्या खाली. त्यानंतर आचके, त्यानंतर आरपीएम. म्हणजे क्रँक सेन्सरचे घेतलेले पैसे फुकट गेले, हे साडेसहाशेच्या वस्तूनं दाखवलं. त्या दिवशी तारे एकाचे तीन झाले.

प्रेशर पडतंय म्हणजे पंप गेला, असं सर्व्हिस सेंटर म्हणणारच. पण पंपाला डिझेलच पोचलं नाही तरी प्रेशर पडतंच. माझ्या गाडीला टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, इंजिनवरचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो. ओढणाऱ्या लाइनला कुठे फट असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली वाकून कितीही बघा, ओलं काही दिसत नाही.

आमच्या इथले मेस्त्री ट्रकांवर हात बसलेले. मोबाईलवरची रेघ त्यांनी पाहिली की नाही कुणास ठाऊक, माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंप ऱ्हाऊ दे काका. गाडी हवा घेतीया." फिल्टर आणि पंपाच्या मधली रबरी नळी काढून पारदर्शक डिझेल पाइप लावला. रेस दिली की पाइपातून बारीक बुडबुडे, मधूनच एखादा जाड. मग टाकीची लाइनच तोडली. कॅनमध्ये डिझेल घेऊन फिल्टरला त्यातून नळी दिली, रिटर्नही, म्हणजे इंजिनकडून परत येणारं जादा डिझेल, त्याच कॅनमध्ये सोडला. बुडबुडे गायब. म्हणजे फिल्टर, पंप, त्यापुढचं सगळं ठणठणीत, दोष टाकी आणि फिल्टरच्या मध्ये. बासष्ट हजारांचा पंप एका कॅननं वाचवला.

(जुन्या गाडीची हवा काढताना नोझलचे नट ढिले करायची सवय असते. कॉमन रेलला ते अजिबात करू नका. त्या पाइपात शेकडो बारचं प्रेशर असतं, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते.)

टाकी उतरवली. डिझेलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटच्या युनिटवर खाली जाणारी प्लॅस्टिकची सक्शन नळी असते, तिला केसाएवढी उभी चीर. बोटाला लागत नव्हती, नळी वाकवली तेव्हा ओठ उघडावेत तशी उघडली. पाव टाकीच्या वर डिझेल असेल तर चीर बुडालेली, डिझेलच ओढलं जातं. त्याखाली गेलं की चीर उघडी पडते आणि हवा शिरते. सपाटीवर इंजिन कसंबसं निभावून नेतं, चढाला मागणी वाढते आणि खेळ संपतो. जाताना का नाही आणि येतानाच का, याचं उत्तर हे. निघताना टाकलेलं डिझेल परतीला साखरप्यापर्यंत पाव टाकीच्या खाली आलेलं असायचं.

मी हजार-दीड हजाराच्या वर डिझेल टाकत नाही. टाकीत पडलेल्या पैशाला व्याज मिळत नाही. सर्व्हिस सेंटरनं यावर सल्ला दिला होता, "सर, टाकी निम्मी ठेवत जा." निम्मी ठेवली असती तर गाडी बंद पडलीच नसती, चीर वाढत राहिली असती, आणि सल्ला बरोबर म्हणून मी त्यांनाच धन्यवाद दिले असते. पाव टाकीवर घाट चढता यायलाच पाहिजे. काटा त्यासाठीच दिलाय.

नवीन युनिट, मजुरी, ओ-रिंग धरून पाच हजारांच्या आत काम झालं. दिवाळीत डिझेल संपत आल्याचा लाल दिवा लागलेला असताना मुद्दाम आंबा घाट चढलो. प्रेशरची रेघ हलली नाही.

मग पाच तारे का नाहीत? गुडघा. सॉकेट स्टिअरिंगखाली आहे आणि हा ठोकळा दोन इंच बाहेर येतो. ब्रेकवरून पाय उचलला की उजव्या गुडघ्याला लागतो, नेमका वाटीच्या कडेला. घाटात किती वेळा पाय उचलावा लागतो याचा विचार करा. कोपरा गोल करायला कंपनीला काय खर्च आला असता? त्यावर बंद करायचं बटणही नाही. सॉकेटला बॅटरीचा करंट चावी काढली तरी चालूच असतो, म्हणून हा रोज उपसायचा, नाहीतर गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ रडतो. रोज उपसायचा म्हणजे रोज खोचायचा, आणि तोही वाकून. साडेसहाशेत दोन रेघा मिळाल्या, एक बटण मिळालं नाही.

एक्स्टेन्शन वायर मिळते म्हणे, दोनशे-अडीचशेची. मूळ वस्तूच्या किमतीचा तिसरा हिस्सा फक्त गुडघ्यासाठी! अजून घेतलेली नाही.

आयफोनवाल्यांनी हा घेऊ नये, जोडला जात नाही. त्यांनी वायफायवाला बघावा. बाकीच्यांनी घ्या. चार तारे.