‘मटेरियलसह’ घर बांधून देणारी पॅकेजेस: पुण्यातल्या कोटेशनचं परीक्षण

गुंठा-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन घर बांधायला निघालं की पुण्यात दोन वाटा दिसतात. एक लेबर रेट: सिमेंट, स्टील, विटा आपण आणायच्या, ठेकेदाराने फक्त माणसं आणायची. दुसरी ‘मटेरियलसह’: नकाशापासून रंगापर्यंत सगळं एकाच कंपनीकडे, भाव चौरस फुटावर, सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम अशा नावांनी. हे परीक्षण दुसऱ्या प्रकाराचं आहे. कुठल्या एका कंपनीचं नाही, कारण वाघोली असो की रावेत, कोटेशनचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच, आणि त्यातल्या खाचाखोचाही त्याच.

आधी जमेची बाजू. स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी सेंटरिंगवाला (स्लॅबखालचा तात्पुरता साचा उभारणारा), सळई बांधणारा फिटर, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर हे चौघे एकाच जागी हवे असतात. फिटरने सळई बांधल्यावर आणि काँक्रीट पडण्याआधी इलेक्ट्रिशियनचे पाइप टाकून व्हायला हवेत. लेबर रेटमध्ये ही जुळवाजुळव मालकाच्या गळ्यात पडते. रोज हिंजवडीला नोकरीला जाणाऱ्या माणसाला ती जमत नाही, आणि दोन दिवस सेंटरिंग रिकामं उभं राहिलं की वाद सुरू. पॅकेजमध्ये हे सगळं कंपनीचा सुपरवायझर बघतो. भिजलेलं सिमेंट, उडालेली वाळू, चोरीला गेलेले सळईचे तुकडे, सगळं कंपनीच्या खात्यावर. एवढ्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणं चुकीचं नाही.

फक्त तो चौरस फुटाचा भाव म्हणजे घराची किंमत, असं समजू नका. समजा नकाशात घर 1,500 चौरस फूट आहे आणि भाव 2,000 रुपये. मालकाच्या डोक्यात 30 लाख पक्के बसतात. पुढे कंपनी मोजते ते स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासून. जिन्यावरची हेडरूम 120 फूट, बाल्कन्या 80 फूट, झाले 1,700, म्हणजे 4 लाख वाढले. खोटं कोणी बोललेलं नसतं. करारात ‘बिल्टअप’ एवढाच शब्द असतो आणि त्याचा अर्थ दोघांचा वेगळा. म्हणून सही करण्याआधी मोजणीचा तक्ता मागा: प्रत्येक मजला, हेडरूम, बाल्कनी, पार्किंग, छज्जे वेगळ्या ओळीत, आणि प्रत्येकापुढे पूर्ण भाव, अर्धा भाव की फुकट ते लिहिलेलं. त्याच कागदावर भाव जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा, हेही लिहून घ्या. स्वतःच्या स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला जीएसटी माफ आहे. पॅकेजमध्ये तो मजुरीसकट पूर्ण रकमेवर बसतो.

यानंतर जमिनीखालचा हिशेब, आणि अंदाजपत्रक सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. कोटेशनमध्ये ‘पाया 5 फुटांपर्यंत’ असं असतं. सूस-बावधनच्या उतारावर तीन फुटांवरच काळा पाषाण लागू शकतो, मग खडक फोडणाऱ्या ब्रेकरचे तास वेगळे. मांजरी-थेऊरच्या काळ्या मातीत पाच फुटांवरही माती हाताला चिकटते. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, तिच्यावर फूटिंग, म्हणजे कॉलमचा तळ, ठेवता येत नाही आणि पक्का मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. जादा प्रत्येक फुटाचं खोदकाम, कॉलमचं स्टील, काँक्रीट, भराव हे सगळं ‘एक्स्ट्रा’. यावर उपाय स्वस्त आहे: करारापूर्वी जेसीबीने प्लॉटच्या तीन कोपऱ्यांत खड्डे घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि त्या खोलीवर भाव मागा. प्लिंथची, म्हणजे जोत्याची, उंचीही कशापासून मोजणार ते लिहून घ्या, जमिनीपासून की रस्त्यापासून. पुण्यात दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर येतो, घर मात्र आहे तिथेच राहतं. 800 चौरस फुटांचं जोतं दोन फूट जादा उचलायचं तर 16 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) दाबलेला भराव लागतो, म्हणजे सुटा मुरूम अंदाजे 20 ब्रास. पॅकेजमध्ये हा भराव क्वचितच धरलेला असतो.

मटेरियलच्या यादीतला सगळ्यात महाग शब्द म्हणजे ‘तत्सम’. ‘अमुक कंपनीचं स्टील किंवा तत्सम.’ तो खोडून दोन किंवा तीन कंपन्यांची नावं, ग्रेड (स्टीलला एफई 500डी) आणि सिमेंटचा प्रकार लिहून घ्या. स्टील आलं की तपासणं सोपं आहे: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून 162 ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिलिमीटरची 12 मीटर सळई साधारण 10.6 किलो भरली पाहिजे. दोन-चार टक्के इकडे-तिकडे चालतं. साडेनऊ किलो भरली तर गाडी परत पाठवा. टाइल्स, दरवाजे, नळ यांना मात्र कंपनीचं नाव नसतं, ‘इतक्या रुपयांपर्यंत’ अशी मर्यादा असते. ती मर्यादा करसह आहे का, वाहतूक आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) त्यातच आहे का, ते विचारा. मग एका शनिवारी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये चौकटी-दरवाज्यांचे आणि तपकीर गल्लीत स्विच-वायरचे भाव बघून या. कोटेशनमधल्या आकड्यात काय येतं आणि काय येत नाही ते तिथे लगेच कळतं.

स्लॅबच्या दिवशी पॅकेजचा खरा कस लागतो. 800 फुटांच्या पाच इंची स्लॅबला साडेनऊ घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागतं, बीम धरून बारा-तेरा. जागेवर एम20 ग्रेडचं काँक्रीट कालवायचं तर घनमीटरला सिमेंटच्या सुमारे आठ पोती, आणि एका पोत्याला वाळूतला ओलावा धरून 30 लिटरपेक्षा जास्त पाणी नको. हल्ली वाळू म्हणजे बहुतेक क्रश सँड, दगड भरडून केलेली. तिच्यात भुकटी जास्त असली की माल घट्ट दिसतो, फावड्याला जड लागतो, आणि मिक्सरवरचा माणूस बादली उचलतो. ती एक जादा बादली पुढे भेगा आणि गळतीच्या रूपाने दिसते. धुतलेली क्रश सँड आणि मोजून टाकलेलं प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही माल सैल ठेवणारं रसायन) हा त्यावरचा उपाय आहे, आणि ही दोन्ही नावं मटेरियलच्या यादीत असली पाहिजेत. रेडीमिक्स, म्हणजे प्लांटमधून तयार काँक्रीट, येणार असेल तर चलनावर ग्रेड आणि भरल्याची वेळ बघा, आणि गाडीत पाणी ओतू देऊ नका. एवढ्या काँक्रीटला आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे), म्हणजे सहा क्यूब भरायला हवेत. ‘टेस्टिंग समाविष्ट’ लिहिलं असेल तर 28 दिवसांनंतरचा रिपोर्ट पुढच्या हप्त्याला जोडून मागा. सळई साच्यापासून अंतरावर ठेवणारे कव्हर ब्लॉक स्लॅबखाली 20 मिलिमीटरचे, कॉलमला 40. फरशीचे तुकडे खाली सारलेले दिसले तर तिथेच थांबवा.

क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याचं, पाणी कोणाचं, हा किरकोळ वाटणारा मुद्दा आहे, पण किरकोळ नाही. पीपीसी (पोझोलाना) सिमेंटला किमान 10 दिवस ओल हवी, 14 उत्तम. मार्च ते मे टँकरचे पैसे कंपनीने द्यायचे असतील तर काटकसर इथेच सुरू होते. पाणी आपल्याकडे ठेवावं आणि भावातून तेवढे पैसे कमी करून घ्यावेत, असं आमचं मत.

भिंतींबद्दल थोडक्यात: सिपोरेक्स (हलके, सच्छिद्र) ब्लॉक चालतात, फक्त कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारलीच पाहिजे, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात उभी चीर दिसते. वायरसाठी खाचा कटरने, छिन्नी-हातोडीने नाहीत.

वॉटरप्रूफिंगला बहुतेक पॅकेजेस ‘समाविष्ट’ एवढंच म्हणतात. पद्धत लिहून घ्या: गच्चीला विटांच्या तुकड्यांचा कोबा, शंभराला एक उतार, पॅराफिटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यात वाटा, म्हणजे गोलाई. बाथरूमच्या खोलगट भागात टाइल्स लावण्याआधी 48 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या छताचे फोटो काढायचे.

हप्त्यांचा तक्ता हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. त्याचा नमुना असा: करारावर 10 टक्के, प्लिंथ सुरू करताना 20, पहिल्या स्लॅबआधी 20, दुसऱ्या स्लॅबआधी 20, गिलाव्याला 15, टाइल्सला 10, चावीला 5. म्हणजे 30 लाखांच्या घरात वरचा स्लॅब पडायच्या आधीच 21 लाख गेलेले असतात आणि जागेवर निम्म्याहून कमी किमतीचा सांगाडा उभा असतो. यानंतर कंपनीची घाई संपते. शिवाय गृहकर्जाची बँक झालेल्या कामावर हप्ता सोडते, कंपनी होणाऱ्या कामावर मागते. मधली फट मालकाच्या बचतीतून भरली जाते. म्हणून ‘आधी’ हा शब्द बदलून ‘पूर्ण झाल्यावर’ करा, सुरुवातीची रक्कम एका टप्प्यापुरतीच ठेवा आणि 5 टक्के एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा. याला सरळ नकार देणाऱ्या कंपनीकडे जाऊ नये.

बाहेर राहिलेला खर्च वेगळ्या वहीत धरा: मंजुरीचं विकास शुल्क, लागू असेल तर कामगार उपकर, बोअर, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड आणि गेट, महावितरणचा तात्पुरता आणि नंतरचा मीटर, भोगवटा पत्राची धावपळ. यातलं काय कोणाकडे, त्याची एक यादी दोघांच्या सहीने असावी. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावला की महारेराचं (बिल्डरांवरच्या राज्य नियामकाचं) छत्र मिळत नाही. वाद ग्राहक आयोगात न्यावा लागतो आणि तिथे हाच कागद बोलतो.

सिल्व्हर आणि गोल्डमधला फरक बहुधा टाइल्स, नळ आणि दरवाज्यांपुरताच असतो, सांगाडा तोच. सिल्व्हर घ्या, वाचलेले पैसे पायासाठी बाजूला ठेवा, नळ नंतरही बदलता येतात. आणि सॅम्पल फ्लॅट किंवा नुकतीच वास्तुशांत झालेलं घर दाखवायला नेलं तर त्यावर भुलू नका. दोन पावसाळे काढलेल्या घराचा पत्ता मागा, मालकाची परवानगी घेऊन जा, आणि वरच्या बाथरूमच्या बरोबर खालचं छत बघा.